मत गाण्याला की गावाला?

ऑफिसात दोन गोष्टींवर कधीच एकमत होत नाही. एक, एसीचं टेंपरेचर. दोन, रिॲलिटी शोचा विनर. पहिल्या भांडणात निदान रिमोट ॲडमिनच्या ताब्यात असतो. दुसऱ्यात प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाइल असतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

डायलॉग ठरलेले असतात. 'सगळं फिक्स असतं यार.' 'पब्लिक व्होटिंग म्हणजे नुसती पॉप्युलॅरिटी.' आणि मग, पाच मिनिटांपूर्वी 'मेरिट, मेरिट' करणारा तोच माणूस हळूच म्हणतो, 'पण आमच्याकडच्या पोराला मुद्दाम काढलं हां!' बघा, आलं की नाही गाव मध्ये? मेरिटवाल्या कॉर्पोरेट शर्टाच्या आत प्रत्येकाचा एक तालुका लपलेला असतो.

माझाही आहे. मी वाशीची. नाही, थांबा! आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर जो मॉल, खाडीपूल आणि हार्बर लाइन आली ना, ती वाशी वेगळी. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगररांगांतली. तालुक्याचं गाव आहे बरं का. शेजारी येडेश्वरीचं येरमाळा. तालुक्यातलंच तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव, त्यामुळे तुमच्या दिवाळीत आमचा आवाज असतोच. खवा असा, की पुण्यातल्या मिठाईवाल्यांकडचा पेढा खाताना आमची नाकं आपोआप मुरडतात. लोकल नाही, एसटी आहे.

तर या वाशीत बसून मी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा एक अख्खा सीझन पाहिलाय, जगलेय म्हणा ना. झी मराठीवरचं 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स', २००८-०९. तेव्हा मी बारावीला होते. म्हणजे घरात टीव्हीवर बंदी असण्याचं वर्ष. पण आठवड्यातले दोन दिवस रात्री ही बंदी सगळ्यांच्या संमतीने उठायची. अण्णांच्याही.

पाच पोरं, पाच गावं

ज्यांनी तो सीझन पाहिला त्यांना काही सांगायला नको. जे तेव्हा चड्डीत होते त्यांच्यासाठी थोडक्यात. सूत्रसंचालनाला पल्लवी जोशी, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, वाद्यवृंदाची सूत्रं कमलेश भडकमकरांकडे. आणि गात गात शेवटपर्यंत पोचलेली पाच पोरं: कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे आणि रोहित राऊत. पुढे या पाचांचं नावच 'पंचरत्न' पडलं.

आता नकाशा काढा. कार्तिकी आळंदीची. आर्या पुण्याची. मुग्धा अलिबागची, सगळ्यांत धाकटी, 'लिटिल मॉनिटर'. प्रथमेश रत्नागिरी जिल्ह्यातल्या आरवलीचा. आणि रोहित लातूरचा. पाचांपैकी एकच काय ती पुण्याची, आणि मुंबईचं तर कुणीच नाही! हा योगायोग म्हणा, पण घराघरात त्याचा परिणाम झाला तो झालाच. कारण प्रत्येक कोपऱ्याला आपला एकेक उमेदवार मिळाला होता.

शोची आणखी एक गंमत होती. मार्क दहापैकी-विसात नव्हते. परीक्षक स्वर द्यायचे. ध मिळाला, बरं झालं. नी मिळाला, मस्तच. आणि फारच कमाल झाली तर वरचा सा! हे मार्किंग आमच्या घरात इतकं भिनलं, की आज्जी पिठल्यालासुद्धा नी द्यायची. वरचा सा तिने बहुतेक फक्त हुरड्याला दिला असावा.

आणि हसू नका, पण या शोने आमच्या गावाला साथीदारांची नावं पाठ करून दिली. एरवी गाण्यात आम्हाला दिसायचा फक्त गायक. इथे मात्र कॅमेरा फिरायचा आणि नावं घेतली जायची. तबल्यावर अर्चिस लेले, ढोलकीवर नीलेश परब, बासरी अमर ओक, कीबोर्ड सत्यजित प्रभू. आमच्याकडच्या भजनी मंडळातला पखवाजवाला त्या काळात जरा ताठ बसायला लागला होता. साथ करणाऱ्यालाही नाव असतं, हे टीव्हीने सांगितलं की पटकन पटतं.

एक नोकिया, दोन एसेमेस

आता घरचं चित्र. मराठवाड्यात तेव्हा भारनियमन म्हणजे रोजचं टाइमटेबल. लाइट कधी येणार यावर स्वयंपाक ठरायचा, मोटर ठरायची, आमचा अभ्यास ठरायचा. गाणं ऐन रंगात यावं आणि टीव्ही ढप्प! मग दुसऱ्या दिवशी लातूरच्या मावशीला मिस्ड कॉल. ती परत फोन करायची. 'काल काय मिळालं?' 'नी.' बास, एवढंच. पुढचं काही विचारायची गरजच नसायची.

घरात मोबाइल एक, अण्णांचा नोकिया. त्यावर मतदान. आणि या मतांच्या एसेमेसला पॅक लागू नाही, साध्या मेसेजपेक्षा महाग. म्हणून अण्णांनी रेशन लावलं होतं: आठवड्याला दोन एसेमेस, अख्ख्या घरात मिळून. विधानसभेला लावली नसेल एवढी फील्डिंग या दोन मतांसाठी लागायची.

दादा रोहितचा. आई प्रथमेशची, 'किती निर्मळ गातंय लेकरू' म्हणून. शेजारच्या काकू मुग्धाच्या, कारण ती सगळ्यांत लहान. मी आर्याची. आणि आज्जी कार्तिकीची, पहिल्या भागापासून. आज्जीला सूर, ताल, हरकत असलं काही विचारायचं नाही. तिचं म्हणणं एकच, 'माऊलीच्या गावचं लेकरू हाय ते.'

गंमत बघा. घरात पाच मतदार, पण 'ती सगळ्यांत चांगलं गाते' असं नुसतं गाण्यावर मत कुणाचंच नव्हतं. आईला स्वभाव दिसत होता, काकूंना वय, आज्जीला आळंदी. मी मात्र स्वतःला फार न्यूट्रल समजायचे. पण खरं म्हणजे मला पुण्याला जायचं होतं, आणि आर्या पुण्याची होती.

सगळ्यांत प्रामाणिक होता तो दादा. एकदा मतांवरून भांडण पेटलं तेव्हा तो जे बोलला ते अजून माझ्या कानात आहे. 'टीव्हीवर आपला मराठवाडा कधी दिसतो सांग? दुष्काळ पडला की. भूकंप झाला की. आता पोरगं गायलंय म्हणून लातूरचं नाव यायलंय. मग द्यायचं नाही का मत?'

यावर काय बोलणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरच्या गावांनी सोसला. त्यानंतर लातूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी किल्लारी आठवायची आणि मग दहावी-बारावीचा 'लातूर पॅटर्न'. ढिगारा नाहीतर टक्केवारी. तिसरी ओळख नव्हतीच. आणि इथे एक मुलगा गिटारवाल्या स्टाइलमध्ये, बिनधास्त, जगाला फाट्यावर मारल्यासारखा गात होता. तो जिंकावा असं वाटणं हा पक्षपात असेलही. पण तो पक्षपात का आहे, हे एकदा समजून तर घ्या.

आज्जीने मात्र ऐकून घेतलं नाही. 'गाव बघून देव निवडत्यात का रे? गाणं ऐक की गाणं.' आणि एवढं बोलून तिने अण्णांकडून एक एसेमेस कार्तिकीला टाकून घेतला. आळंदीच्या!

डोंगरातलं मतदान

हे फक्त वाशीतच होत होतं असं नाही. आमच्या सीझनच्या आधीच्या वर्षीच, २००७ मध्ये, 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वाने अख्ख्या देशाला हे दाखवून दिलं होतं. फायनलला दोघं: दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला कॉन्स्टेबल, आणि शिलाँगचा अमित पॉल. दोघांच्याही मागे अख्खे डोंगर उभे राहिले. लोकांनी वर्गणी काढली, फॅन क्लब काढले, गठ्ठ्याने एसेमेस पाठवले. प्रशांत जिंकला. आणि त्याच्यासाठी मतं मागत फिरलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच लाटेवर काही आठवड्यांत नवा पक्ष काढला, गोरखा जनमुक्ती मोर्चा. एका गाण्याच्या स्पर्धेने एका प्रदेशाचं राजकारण पालटलं! आपण मात्र लंच टेबलवर अजून 'फिक्स, फिक्स' खेळतोय.

म्हणजे मतदान गाण्याला चालू होतं, पण मोजली जात होती माणसांची भूक. आम्हालाही बघा, आमचंही ऐका, ही ती भूक.

त्याआधी असं नव्हतं. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सोनू निगमच्या निवेदनाने 'सा रे ग म' सुरू झालं, तेव्हा निकाल परीक्षकांचा असायचा. समोर संगीतातली दिग्गज मंडळी आणि स्पर्धकाचे हात थरथरतायत, असा मामला. पब्लिकचं काम टाळ्या वाजवणं. २००४ च्या अखेरीस 'इंडियन आयडॉल' आलं आणि पब्लिकच्या हातात मोबाइल आला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा मराठी मुलगा अभिजीत सावंत जिंकला, तेव्हा मराठी घरांमध्ये जे काही झालं ते पाहता त्या रात्री नेटवर्क टिकलं हेच नवल.

स्वीडनमध्ये आज्जीचं मत वेगळं मोजतात

आता जरा लांब जाऊ. थेट स्वीडनला. का, ते सांगते.

ज्या २००४ मध्ये आपल्याकडे 'आयडॉल' आलं, त्याच वर्षी स्वीडनमध्येही त्यांचं 'आयडॉल' सुरू झालं. पहिला विजेता डॅनियल लिंडस्ट्रॉम, पार उत्तरेकडच्या उमेओचा. म्हणजे तिकडेही राजधानीबाहेरच्या पोराचा नंबर आधी लागला. पण त्या देशाचं खरं वेड वेगळंच आहे: 'मेलोडिफेस्टिवालेन'. युरोव्हिजनसाठी स्वीडनचं गाणं निवडणारी ही स्पर्धा दशकानुदशकं चालू आहे. १९७४ मध्ये इथूनच निवडून गेलेल्या 'आबा' या बँडने युरोव्हिजन जिंकलं आणि पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

मला त्यांच्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, २००२ पासून ही स्पर्धा एकाच शहरात बसून राहत नाही. प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या गावांत होतात. या शनिवारी हे गाव, पुढच्या शनिवारी ते. सगळा लवाजमा ट्रकमध्ये भरून लोकांच्या दारात जातो. कल्पना करा ना, सेमी फायनल बार्शीला, क्वार्टर फायनल कळंबला!

दुसरी गोष्ट तर त्याहून भारी. २०१९ पासून त्यांनी ॲपवरच्या मतांचे वयानुसार सात गट केलेत. तीन ते नऊ वर्षांच्या पोरांचा एक गट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांचा एक गट, बाकीचे मधले. फोनवरून येणाऱ्या मतांचा आठवा गट. प्रत्येक गट आपापले गुण देतो आणि प्रत्येक गटाच्या गुणांचं वजन सारखं. म्हणजे कॉलेजच्या पोरांनी रात्रभर बोटं चालवली तरी एका गटापेक्षा जास्त गुण त्यांच्या हातात नाहीत. आज्ज्यांच्या गटाला आज्ज्यांचं वजन राहतंच. आणि ॲपवर मत द्यायला पैसे पडत नाहीत.

हे वाचल्यावर मला अण्णांचा नोकिया आठवला. आपल्याकडे एसेमेसची सगळी मतं एका पोत्यात. ज्याच्या खिशात रिचार्ज जास्त, त्याचा आवाज मोठा. ज्या गावात लाइट असते, ते गाव जास्त वेळा मत देतं. पुण्यातल्या एका होस्टेलमध्ये जेवढे मोबाइल होते, तेवढे तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हते. दादा यावर वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडायचा. गणितात त्याला तेवढा एकच विषय आवडला असावा.

८ फेब्रुवारी २००९

रविवार होता. त्या दिवशी लाइट गेली नाही, हा आमच्याकडचा पहिला निकाल. दुसरा निकाल तुम्हाला माहीत आहे: कार्तिकी गायकवाड विजेती. पाचही जण स्टेजवर आणि महाराष्ट्र पाच तुकड्यांत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात काय, एसटीत काय, चहाच्या टपरीवर काय, एकच चर्चा. आर्याला मिळायला हवं होतं. नाही, प्रथमेशला. रोहितवर अन्याय झाला. दादा दोन दिवस जेवणावर रुसला, मग हुरडा पार्टी आली आणि मावळला. आज्जी? तिने मिरवलं नाही. 'समदी लेकरं गुणी हायती' म्हणाली आणि पोथी उघडली. जिंकणाऱ्या पार्टीला असं बोलणं परवडतं म्हणा!

मला विचाराल तर त्या भांडणात कुणीच चूक नव्हतं. अडचण अशी होती, की एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्न छापले होते. चांगलं कोण गातं? आणि तुमचं कोण आहे? उत्तराला जागा मात्र एकच. मग ज्याचं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हरलं, त्याला वाटणारच की पहिल्या प्रश्नात घोटाळा झाला.

आणि एक श्रेय द्यायलाच हवं. शेवटी खेळ लहान मुलांचा होता. त्याच २००८ मध्ये एका बंगाली डान्स शोमध्ये परीक्षकांच्या बोलण्यानंतर एक मुलगी आजारी पडल्याच्या बातम्यांनी देश हादरला होता. त्या पार्श्वभूमीवर आमच्या घरी जे दिसलं ते बरंच हसतं-खेळतं होतं. चुकलं तर सांगायचे, पण स्वरात सांगायचे. 'आज ध' एवढं पुरायचं.

पुढे काय झालं?

रिॲलिटी शोचा खरा निकाल फायनलला लागत नाही. तो दहा-बारा वर्षांनी लागतो. या पाचांचा बघा. आर्या २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते' मधून थेट पडद्यावर आली. २०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' परत आलं तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर कोण होतं? हेच पाचही जण! विजेती आणि चार न-विजेते, एका रांगेत. मुग्धा आणि प्रथमेशने तर २०२३ मध्ये लग्नच केलं. आमच्या काकू आणि आई दोघीही आपणच जिंकल्याच्या थाटात होत्या.

पण मला सगळ्यांत जास्त भिडतो तो रोहितचा निकाल. ज्या मुलाला महाराष्ट्रात घराघरात ओळखत होते, तो २०१९ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला. म्हणजे परत नंबर, परत ऑडिशन, परत 'तुझं नाव काय, कुठून आलास'. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये उपविजेता झाला. विचार करा. तुम्ही टीम लीड आहात आणि दहा वर्षांनी फ्रेशरच्या रांगेत जाऊन पुन्हा इंटरव्ह्यू देताय. जमेल? स्टेज एकदा मिळतं ते नशीब किंवा मतं. दुसऱ्यांदा तिथवर पोचायला रियाजच लागतो.

आणि इथेच माझ्या घरातला आजचा प्रश्न सुरू होतो.

ताईची मुलगी अकरा वर्षांची आहे. वाशीतच असते. गाते, आणि खरंच गाते. सप्ताहात तिने अभंग म्हटला की म्हातारी माणसं डोळे पुसतात. येडेश्वरीच्या यात्रेत आराध्यांची गाणी ऐकून घरी येते आणि संबळाचा ठेका तोंडाने धरते. गेल्या महिन्यात ताईचा फोन आला, 'अगं, आता ऑडिशनचा व्हिडिओ मोबाइलवरून पाठवता येतो म्हणे. तू फॉर्म भर. आणि पुढं गेली तर तुझ्या ऑफिसातल्या समद्यांना मत द्यायला लाव.'

बघा, चक्र कसं फिरलं. आता मतांचं रेशन लावायची पाळी माझी. मोबाइल प्रत्येकाकडे आहे, डेटा पाण्यासारखा आहे, लाइटही बऱ्यापैकी असते. दादाच्या वहीतली सगळी गणितं सुटल्यासारखी वाटतात. पण एक राहिलंय.

कार्तिकीच्या घरात तिचे वडील कल्याणजी गायकवाड होते, स्वतः गायक आणि शिकवणारे. आर्याच्या घरात तिची आई श्रुती आंबेकर, स्वतः शास्त्रीय गायिका. ही पोरं आपल्याला 'रातोरात' स्टार झालेली दिसली. पण त्या रातीच्या आधीच्या कितीतरी सकाळी घरात कुणीतरी 'सा परत लाव' म्हणत बसलेलं होतं. टीव्हीने आपल्याला पोरं दाखवली. ती माणसं क्वचितच दाखवली, ती सुद्धा प्रेक्षकांत बसून डोळे पुसताना.

आमच्या भाचीच्या घरी 'सा परत लाव' म्हणणारं कुणी नाही. ताई शिक्षिका आहे, भावोजींचं खत-बियाण्याचं दुकान. पेटी आहे ती भजनी मंडळाची, सप्ताह संपला की कुलपात. शिकवणारे सर बार्शीहून आठवड्यातून एकदा येतात, पाऊस नसला तर. मुंबई-पुण्यातल्या मुलीला कोपऱ्यावर क्लास असतो. हिला सूर कमी नाही, मतंही कमी पडणार नाहीत. कमी आहे ती फक्त मंगळवार ते रविवार.

म्हणून मी ताईला म्हटलं, फॉर्म भरूया, का नाही? तिला वाटू दे की दार आहे. पण त्याच्या आधी दुसरा एक फॉर्म भरू. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'प्रारंभिक' परीक्षेचा. ज्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यांच्या शिष्यांनी उभी केलेली ही परंपरा. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं साध्या घरातल्या मुलांना शिकता यावं, हाच तर त्यांचा हट्ट होता. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मग मध्यमा, मग विशारद. सगळं रांगेने. लातूरचं पोरगं म्हणून एक मार्क जास्त नाही, वाशीची पोरगी म्हणून एक कमी नाही. आणि गंमत ऐका, या मंडळाची मोठी वास्तू कुठे आहे? वाशीला! हो, तुमच्या. खाडीपुलाजवळच्या.

दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, 'परीक्षेनं लातूरचं नाव टीव्हीवर यायचं नव्हतं.' खरंय त्याचं. त्या पोराने मराठवाड्याला जे दिलं ते कुठल्याही सर्टिफिकेटने दिलं नसतं. भूकंप आणि दुष्काळ सोडून तिसरी ओळख. त्यासाठी त्या सीझनला माझ्याकडून वरचा सा, कायमचा. पण टीव्ही बंद झाल्यावर गावात जे उरतं, ते गावानेच उभं करावं लागतं. आपण पोराला मत देतो, त्याच्या गुरुजींना एसटीचं भाडंसुद्धा देत नाही.

तर मंडळी, प्रत्येकाचा तो लपलेला तालुका आहे ना, त्याच्यासाठी एक छोटं काम. पुढच्या वेळी 'आमच्या गावच्या पोराला व्होट कर' असा मेसेज आला की जरूर करा, फुकट आहे. आणि मग घरी एक फोन लावून विचारा, आपल्याकडे गाणं शिकवतं कोण? त्यांच्याकडे मुलं किती? पेटी कुणाची? पावसात ते येतात कसे? उत्तर 'कुणीच नाही' असलं, तर चार मित्र मिळून महिन्याला एका वीकेंडच्या पिझ्झाएवढे पैसे काढा. एका पेटीचं आणि एका सरांच्या भाड्याचं सहज भागतं. आम्ही चौघी मैत्रिणींनी या महिन्यापासून सुरू केलंय. सर आता आठवड्यातून दोनदा येतात आणि भाचीबरोबर आणखी सहा पोरं बसतात.

टीव्हीवरचा सीझन काही महिन्यांत संपतो. हा सीझन प्रारंभिकपासून विशारदपर्यंत बरीच वर्षं चालतो. त्यात एलिमिनेशन नाही, वाइल्ड कार्ड नाही, जाहिरातींचा ब्रेक नाही. आणि व्होटिंग लाइन्स? त्या कधीच बंद होत नाहीत.